विम्याच्या कागदातला दोन अर्थांचा शब्द

बैलाचा सौदा करताना आपण दात बघतो, चालवून बघतो, चार शब्द घासाघीस करतो. विम्याच्या करारात यातले काहीच नसते. सगळा कागद कंपनीने आधीच छापलेला. त्यातला एक शब्द तुम्हाआम्हाला बदलता येत नाही. म्हणूनच कायदा या कागदाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. मजकूर लिहिणारी कंपनी, तेव्हा तो मोघम राहिला तर त्याचा भारही कंपनीवरच. एखाद्या शब्दाचे खरोखर दोन अर्थ निघत असतील, तर विमेदाराच्या बाजूचा अर्थ धरायचा. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ सालच्या एका निकालात हा नियम सांगितलेला आहे.

आमच्या दाजींची पाच अश्वशक्तीची मोटार ऐन कांद्याला पाणी देण्याच्या दिवसांत चोरीला गेली. दुरुस्तीसाठी वर काढून विहिरीच्या काठावर ठेवली होती. पॉलिसीत ‘विमा उतरवलेल्या जागेवरून’ चोरी झाल्यास भरपाई, असे होते. कंपनी म्हणे, जागा म्हणजे मोटार बसवलेली जागा. दाजी म्हणाले, “रान माझं, विहीर माझी, मग काठ काय परक्याचा?” कागद उलगडून पाहिला, तर ठिकाणाच्या रकान्यात नुसता गट नंबर! तेवढ्या ओळीखाली रेघ मारून आम्ही कंपनीला लेखी अर्ज दिला. नकार आला, तेव्हा विमा लोकपालाकडे गेलो. पैसे मिळाले, पण तोवर कांदा वाळून गेला होता.

एवढ्यावरून हुरळून मात्र जाऊ नका. २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका व्यापाऱ्याच्या चोरीला गेलेल्या मालाचा दावा आला. बळाने आत घुसून झालेल्या चोरीचीच भरपाई, असे पॉलिसीत स्वच्छ लिहिलेले. तसे काही घडल्याचे दिसले नाही आणि व्यापारी हरला. निकाल मला कठोर वाटतो, पण चुकीचा म्हणवत नाही. शब्द स्पष्ट असला की न्यायालय त्याला वाकवत नाही.

आणि आपल्याकडूनही खरेपणा लागतो. म्हशीचे वय, तिचा जुना आजार, हे अर्जात आहे तसे लिहावे लागते. लपवलेले उघडे पडले तर दावा बुडू शकतो. एजंट कोऱ्या फॉर्मवर सही मागेल, तर आधी भरून वाचून दाखवा म्हणावे. यात भिडेचे काय काम?

कंपनीने लेखी नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत लोकपालाकडे तक्रार करावी लागते. फी नाही, वकीलही नाही. कार्यालये पुण्याला आणि मुंबईला आहेत.