लोधीखेड्याची कवेलू घरे

नागपूरच्या इतवारी स्थानकातून सुटलेली गाडी सावनेर, केळवद मागे टाकून राज्याची सीमा ओलांडते आणि थोड्याच वेळात लोधीखेडा येते. पूर्वी या मार्गावर अडीच फुटी रुळांची चिमुकली गाडी धावत असे. ती 2015 साली बंद झाली. आता रुंद रूळ आहेत. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेले आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. 2023 पासून तो पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. पाट्या हिंदीत, परंतु गाडीतून उतरणाऱ्या बायाबापड्यांचे बोलणे मराठीच. आम्हांला परप्रांतात आल्यासारखे वाटले नाही.

येथे नगर परिषद आहे, तरी जुन्या वस्तीची चाल खेड्याचीच. आम्ही एका परिचित वृद्धांच्या घरी उतरलो होतो. पुढे छपरी, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, भिंतीत दिव्याच्या देवळ्या, सागवानी खांबांवर पेललेली मयाल, आणि वर कवेलू. मे महिन्याची भर दुपार, बाहेर पाऊल ठेववेना. आत मात्र सारवलेल्या जमिनीवर पाठ टेकताच डोळा लागला. सिमेंटच्या छताखाली हे सुख कोठले!

वाचकहो, इंग्लंडात 1947 च्या कायद्यापासून खेड्यातील साध्या घरांचीही जतनासाठी नोंद होऊ शकते. आपल्याकडील 1958 चा कायदा स्मारकांसाठी आहे. शेतकऱ्याच्या घराकडे तो कशाला वळून पाहील? उलट 2015 च्या शहरी आवास योजनेत केंद्राकडून दीड लाख रुपये मिळत असत, ते पक्क्या घरासाठी.

हे घर पाडावयाचे ठरले आहे. आम्ही हळहळलो, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "फादर, दरसाल पावसाआधी कवेलू फेरायला माणूस कुठून आणू? माकडं फोडतात ते वेगळंच. रात्रभर गळक्याखाली भांडी मांडत मीच बसते ना!"

आम्ही गप्प राहिलो. आमचे स्वतःचे निवासस्थानही सिमेंटचेच आहे. तेथे भांडी मांडावी लागत नाहीत.

आजोबा काही बोलले नाहीत. आम्ही निघताना त्यांनी काठीने वरची मयाल दाखविली. ती त्यांच्या वडिलांनी चढविलेली. दिवाळीनंतर काम सुरू होईल. मयाल चिरून नव्या घराच्या दाराची चौकट करावयाची, एवढे सूनबाईंनी कबूल केले आहे.