सातवे काडतूस

मराठीचा अध्यापक या नात्याने 'मॅगझिन' या शब्दाशी माझा संबंध वर्षानुवर्षे एकाच अंगाने येत राहिला. साठोत्तरी साहित्य शिकवताना 'लिटल मॅगझिन' अटळच असते: 'शब्द', 'असो', 'वाचा', 'येरू' ही नावे फळ्यावर लिहायची, अनियतकालिक म्हणजे काय ते सांगायचे आणि पुढे सरकायचे. या शब्दाला दुसरे, अधिक जुने अंग आहे हे कोशातून ठाऊक होते. हाताला मात्र ते गेल्या वर्षी लागले, आमगावच्या मामाजींमुळे.

अरबी 'मखजन' म्हणजे कोठार. इटालियन आणि फ्रेंच भाषांच्या वाटेने तो इंग्रजीत गेला आणि तिथे प्रामुख्याने दारूगोळ्याच्या कोठाराला चिकटला. 1731 मध्ये लंडनला एडवर्ड केव्हने 'जंटलमन्स मॅगझिन' काढले, तेव्हा 'मजकुराचे कोठार' अशा अर्थाने त्याने तो शब्द नियतकालिकाला लावला. म्हणजे आपण ज्याला मूळ अर्थ समजतो तो खरे तर लाक्षणिक आहे. मराठीने 'पिस्तूल' आणि 'काडतूस' पोर्तुगिजांकडून घेतले आणि घरचे करून टाकले. 'मॅगझिन'ला मात्र आपण घरात जागा दिली नाही. अपवाद मामाजींचा. त्यांची हयात धानाच्या गिरणीत गेली. ते पिस्तुलाच्या मॅगझिनला सरळ 'कोठी' म्हणतात. परिभाषा कोशाच्या समित्यांना हे सुचले असते तर बरे झाले असते, असो.

पिस्तूल बेल्जियमच्या एफएन कारखान्याचे, ब्राउनिंगच्या 1910 च्या नमुन्याचे. मामाजींच्या वडिलांनी घेतलेले. गिरणीची रोकड घेऊन रात्रीबेरात्री येणेजाणे असे, त्या काळातले. परवान्यावर 'पॉइंट 32 बोअर' असे लिहिले आहे. युरोपात याच काडतुसाला 7.65 मिलिमीटर म्हणतात. ब्राउनिंग हे नाव मराठी वाचकाला परके नाही. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या लंडनहून सावरकरांनी चोरून पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकातून. त्या रात्री प्रयोग होता 'शारदा'चा. मराठी रंगभूमीच्या इतिहासात देवलांच्या नाटकाच्या नोंदीशेजारी या पिस्तुलाची नोंद कायमची बसली आहे. पुढे 1938 च्या मुंबई साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून त्याच सावरकरांनी लेखकांना लेखणी मोडून बंदूक हाती घेण्याचा सल्ला दिला. हा सल्ला मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा वर्गात हमखास खसखस पिकते. प्रत्यक्ष पिस्तूल हाती आल्यावर तो फारसा सोपा वाटत नाही, एवढे नमूद करतो.

मामाजींच्या पिस्तुलाची जुनी कोठी निकामी झाली होती. आतली स्प्रिंग दमली होती; शेवटची दोन काडतुसे नाक खाली घालून बसत. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीसाठी पिस्तूल रिवाजाप्रमाणे ठाण्यात जमा झाले, ते परत आल्यावर मामाजींनी नागपूरच्या एका परवानाधारक दुकानातून, परवाना दाखवून, नव्या बनावटीची दोन मॅगझिने आणली. दोन्ही ताठर. मुठीत घालायला तळहाताचा ठोसा द्यावा लागे आणि काढताना तळाचा खटका सोडूनही ती खाली घसरत नसत. नखाने ओढावी लागत. सहा काडतुसे कशीबशी बसत, सातवे बसतच नसे. या नमुन्यात मॅगझिन जागेवर नसेल तर चाप ओढूनही गोळी सुटत नाही, त्यामुळे ते नीट बसणे ही केवळ सोयीची बाब नव्हे.

मामाजींचे वय ब्याऐंशी. नागपूरच्या खेपेला मी सोबत गेलो. परवाना नसलेल्या माणसालाही धारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने शस्त्र दुरुस्तीला नेता येते, अशी सूट 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 3 मध्ये आहे. ते कलम मी दोनदा वाचून घेतले होते.

कारागीर मुस्लिम, साठीचा, मितभाषी. त्याने कानस हातात घेतली नाही. आधी तेलाचा दिवा लावला आणि त्याच्या काजळीवर नवे मॅगझिन फिरवून काळे केले. मग ते मुठीत घालून बाहेर काढले. जिथे घासले तिथली काजळी निघून पत्रा चमकत होता: मागच्या बाजूला, जोडाच्या रेषेवर, बोटभर लांबीत. बाकी सगळे काळेच. म्हणजे पत्रा सगळीकडे जाड नव्हता, फक्त जोड उंच राहिला होता. ही तपासणी मला पाठचिकित्सेसारखी वाटली. संहितेत दोष कुठे आहे हे कळण्याआधी दुरुस्ती सुरू करणारे संपादक आपण पाहिलेले आहेत. जोड त्याने बारीक दगडावर, मोजून मोजून घासला. पंधरा-वीस मिनिटांनी मॅगझिन आपल्या वजनाने खाली आले.

सातव्या काडतुसाचे दुखणे वेगळे होते. त्याने तळ काढून दोन्ही स्प्रिंगा शेजारी ठेवल्या. नवीला वेढे जास्त होते. सहा काडतुसांखाली ती इतकी दाबली जाई की वेढ्याला वेढा भिडून पुढे दबायला जागाच उरत नसे. एक वेढा कापून टाका, असे मामाजी म्हणाले. कारागिराने मान हलवली. "अजी, कापलेलं परत जोडता येत नाही. सहा भरून आठ दिवस कपाटात ठेवा. नवं पोलाद आहे, बसायला वेळ लागते." आत वंगण वाळून चिकट झाले होते, ते त्याने रॉकेलने धुतले. काडतूस वर ढकलणाऱ्या पट्टीच्या धारदार कडा मोडल्या. वरच्या दोन ओठांना मात्र हात लावला नाही. काडतुसाचे नाक कोणत्या कोनात नळीकडे जाईल हे ते ओठ ठरवतात. तिथे पक्कड लावून लोक चांगली मॅगझिने बिघडवतात, असे त्याचे म्हणणे. शिवाय या काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली तर ते पुढे सरकतच नाही, म्हणून भरताना प्रत्येक कड आधीच्या कडेच्या पुढे येईल असे पाहायचे. हे त्याने खोट्या, बिनदारूच्या काडतुसांवर तीनदा करून दाखवले.

आठ दिवसांनी आमगावला मी त्याच खोट्या काडतुसांनी भरून पाहिले. सातवे बसले. घट्ट, पण बसले. मामाजींनी मागितले आणि स्वतः भरू लागले. चौथ्यापर्यंत ठीक. पाचव्याला अंगठा घसरला. पुन्हा घसरला. त्यांनी अंगठ्याचा सांधा दुसऱ्या हाताने चोळला आणि मॅगझिन माझ्याकडे देत म्हणाले, "कोठी नाही रे ताठ." पुढचे वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही. दुसरे मॅगझिन अजून कारागिराकडेच आहे. ते आणायची त्यांनी घाई केली नाही.

2016 च्या शस्त्र नियमांत अशी तरतूद आहे की परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिले, तर हयातीतच ते कायदेशीर वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. मामाजी दोन्ही अटी केव्हाच ओलांडून बसले आहेत. मुलगा पुण्यात, त्याला हे लोढणे नको आहे. त्याचे मत असे की पिस्तूल जमा करून मोकळे व्हावे, आणि तो चुकीचे बोलतो असे मला वाटत नाही. गिरणी बंद आहे, रोकड नाही, ज्या भीतीपोटी ते घेतले ती भीतीही उरलेली नाही. मुलगी देवरीला शिक्षिका. तिला ते हवे आहे. का हवे, हे ती नीट सांगत नाही; आजोबांचे आहे, एवढेच म्हणते. मामाजींना मुलीचे नाव घालायला सहा महिने लागले. त्यांच्या पिढीत शस्त्राच्या वारसाच्या रकान्यात बाईचे नाव येत नसे.

दिवाळीत ती आली होती. तिने खोटी काडतुसे ओळीने टेबलावर मांडली, प्रत्येकाची कड पाहून एकेक आत सरकवले आणि सातवे दाबताना ओठ घट्ट मिटले. मामाजी आरामखुर्चीतून मोजत होते. ते मोठ्याने सात म्हणाले आणि मला अर्जाचा कागद आणायला सांगितला.