जबडा आतून पाहावा

सस्तनांच्या एखाद्या लुप्त भाऊबंदाचा जबडा हाती आला, की लोक आधी दात बघतात. मी तो उलटा करून आतली बाजू बघते. मागच्या टोकाकडे लांबट खाच असेल, तर जबड्याची मागची हाडं अजून कानात गेलेली नव्हती. आपल्या कानातली हातोडी आणि ऐरण ही मूळची जबड्याच्या सांध्यातली हाडं. जर्मन शरीरशास्त्रज्ञ रायशर्टने ते १८३७ साली गर्भांच्या अभ्यासातून दाखवलं. वेल्समधल्या मॉर्गन्यूकोडॉनच्या जबड्यात ती खाच आहे, आणि सस्तनांचा नवा सांधाही आहे. दोन्ही सांधे एकाच वेळी कामावर! त्याला सस्तन म्हणावं का, यावर वाद आहे. मी भाऊबंदच म्हणते.

मग दात. त्याच्या दाढांवरचे मुख्य तीन उंचवटे एका रांगेत आहेत आणि झीज ठरावीक जागीच झालेली दिसते. वरची-खालची दाढ नेमकी जुळायची, तर दात सारखे पडून चालत नाही. उपदाढा एकदाच बदलायच्या, दाढा कधीच नाही. दात येईपर्यंत पिल्लू दुधावर वाढत असावं, हा तर्क इथूनच निघतो.

पण बहुतेकदा जबडा नसतोच. माती भिजवायची, चाळायची, सुकवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने एकेक कण सरकवत राहायचं. मिळते ती राजगिऱ्याएवढी सुटी दाढ. ती फसवू शकते, कारण किडे फोडायचं काम तेच असलं, की कोट्यवधी वर्षांच्या अंतरानेही दाढा सारख्या घडतात.

मध्य प्रदेशातल्या टिकी खडकांतल्या अशाच एका वरच्या दाढेवरून २००५ साली टिकिथेरियम हे नाव ठेवलं गेलं. काळ ट्रायासिक, म्हणजे वीस कोटी वर्षांहून जुना. २०२४ मध्ये दोन रशियन अभ्यासकांनी मांडलं, की ही तर निओजीन काळातली चिचुंद्री! दोन्हींत वीस-एक कोटी वर्षांचं अंतर.

सुट्या दाढा टाकाऊ असतात, असं मात्र नाही. नागपूरच्या हिस्लॉप या मिशनरी-भूशास्त्रज्ञाचं नाव मिळालेला डेक्कनोलेस्टिस हा सस्तन १९८८ साली दाढांवरूनच ओळखला गेला. पण तिथे दख्खनच्या लाव्हांमधल्या गाळाचा थर ठाऊक होता, पुढे घोट्याची हाडंही सापडली.

टिकिथेरियमच्या बाबतीत मला चिचुंद्रीची बाजू जड वाटते. त्याच थरातून जबड्याचा तुकडा निघेपर्यंत माझ्या यादीत त्या नावापुढे प्रश्नचिन्ह राहील.