थांबणारा हात

ब्लॅकजॅकचं टेबल. एक्का, पंजी, सत्ती. बेरीज तेरा. पण पहाटेच्या पाळीत शिणलेल्या डोळ्यांना एक्का अकराचाच दिसतो, बेरीज मर्यादेपलीकडे तेवीसवर जाते, आणि डीलर खेळाडूच्या चिपा ओढून त्याची पानं उचलतो. पुढच्याच क्षणी चूक लक्षात येते. त्या क्षणी हाताने काय करायचं, यापलीकडे गोव्यातल्या एका जुन्या डीलरला हल्ली दुसरा विषय सुचत नाही.

गोव्यात पत्त्यांची टेबलं कायद्याने जहाजांवरच चालतात. मांडवी नदीतल्या जहाजांवर त्याची उमेदीची वर्षं गेली. आता बोटांचे सांधे आखडलेत, म्हणून तो नव्या मुलामुलींना शिकवतो. लोक पूर्वी खेळ सोडून आपल्या हातांकडे बघत राहायचे, याचा अभिमान त्याला अजून आहे आणि तो लपवतही नाही.

चूक झाली की थांबायचं आणि सुपरवायझरला बोलवायचं, हे मुलांना लगेच पाठ होतं. कठीण असतं ते चिपा गुपचूप परत न सरकवणं. हात जितका सराईत, तितका हा मोह मोठा. खेळाडूचं लक्ष नसतं, सारं निस्तरून पुढचा डाव वाटता येतो. पण वरच्या कॅमेऱ्याला एवढंच दिसतं, की हरलेल्या माणसाला डीलरने न बोलता चिपा दिल्या. संगनमताची चोरीही नेमकी तशीच दिसते. पान हवं तर टेबलावर बोट टेकवायचं, नको तर हात आडवा हलवायचा, हा खेळाडूंसाठीचा नियमही त्या कॅमेऱ्यासाठीच आहे. पानं ठरलेल्या क्रमाने उचलायची तीही यासाठीच, की वाद झालाच तर उलट्या क्रमाने काढून मोडलेला डाव पुन्हा मांडता यावा.

अशा चुकांसाठीची अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याची नियमावली त्याला मनापासून आवडते. डाव वाटून झाल्यावर एखादं पान चुकून उघडं पडलं, तर ते शूमधलं, म्हणजे पत्ते वाटायच्या पेटीतलं, पुढचं पान समजून द्यायचं. खेळाडू ते नाकारू शकतो, पण मग त्या डावात त्याला आणखी पान नाही. सतरा झाल्यावर डीलरने स्वतःला चुकून ओढलेलं पान सरळ बाद. कुणाची मर्जी नाही, कुणाचा मूड नाही.

तरीही त्याच राज्यात, अटलांटिक सिटीच्या गोल्डन नगेट कॅसिनोमध्ये, एप्रिल २०१२ मध्ये मिनी-बॅकरॅट या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर न पिसलेले पत्ते आले. पिसून पाठवण्याचं काम पत्ते बनवणाऱ्या कंपनीचं होतं. पानं त्याच क्रमाने येत राहिली, दहा डॉलरची बोली पाच हजारांवर गेली, सलग ४१ डाव खेळाडूंनी जिंकले, सुमारे १५ लाख डॉलर. २०१५ मध्ये न्यायाधीशांनी तो खेळच बेकायदा ठरवला. या जुन्या डीलरला न्यायालयात रस नाही. ४१ डाव कुणाचा हात थांबला नाही, हे त्याला सहन होत नाही.

खेळ उतरणीला लागलाय, असं त्याचं ठाम मत आहे. ब्लॅकजॅक लागला की पूर्वी दोनास तीन मिळत. हजारावर दीड हजार. लास वेगासच्या कितीतरी टेबलांवर आता पाचास सहा, म्हणजे बाराशे. डीलरची चूक पकडली तर भरून मिळते, पण टेबलाच्या कापडावर छापलेले हे तीनशे कोण परत करणार?

वेगाला तो गुण देत नाही. त्याची एक विद्यार्थिनी नोकरीच्या चाचणीत दोनदा थांबली, दोन्ही वेळा बरोबर थांबली, आणि संथ म्हणून नापास झाली. तिला तो अजून तसंच थांबायला सांगतो.