जलप्रवासाची निवड
नाताळांत मुंबईहून गोव्यास जहाजानें जावें, असें माटुंग्यास आमच्या घरीं ठरलें. कॉर्डेलिया कंपनीनें २०२१ सालीं मुंबईहून सफरी सुरू केल्या. तिचें दरपत्रक आम्हीं आणविलें. भाड्यावर बंदराचा आकार व कर निराळे, हें आधीं पाहावें. स्वस्त ती बिनखिडकीची खोली. पण मातोश्रींना किनारा दिसला पाहिजे. १७ जुलै १९४७ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्यांच्या माहेरीं ती आठवण अद्याप निघते. म्हणून महिना डिसेंबर, आणि खोली खिडकीची, परंतु खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागीं. तेथें हेलकावे कमी. मातोश्रींनीं होकार दिला व सामानांत एक नारळ घातला.