चाळायचं की निवडायचं?

आमच्या घरी भिलाई म्हणजे रूळ. १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि पुढच्या वर्षीपासून रूळ बनू लागले. बाबांची सगळी नोकरी ते रूळ तपासण्यात गेली. मी घरी बसून सॉफ्टवेअर लिहिते. दोघांचं काम एकच, हे कळायला मला एक चूक करावी लागली.

गेल्या वर्षी आमच्या चौघांच्या टीमने एका छोट्या क्रेडिट सोसायटीसाठी कर्जाच्या हप्त्यांचं सॉफ्टवेअर केलं. काम द्यायला आठ दिवस उरले होते. एकतर एकमेकांचा कोड बसून वाचायचा, नाहीतर आपोआप चालणाऱ्या चाचण्या लिहायच्या. दोन्हीला वेळ नव्हता. मी चाचण्यांचा हट्ट धरला. माणूस कंटाळतो, भिडेखातर मित्राची चूक दाखवत नाही. चाचणी मात्र कोड बदलला की दरवेळी तेवढ्याच कसोशीने चालते. शेवटी सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या. आम्ही समोसे मागवले.

दुसऱ्याच महिन्यात एका निवृत्त शिक्षिकेला ‘थकबाकीदार’ असा मेसेज गेला. हप्त्याची तारीख रविवारी होती. त्यांनी सोमवारी सकाळीच पैसे भरले होते. सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलं तरी दंड नाही, हा नियम सोसायटीच्या कागदात होता. माझ्या नजरेतून तो निसटला. आणि चाचण्याही मीच लिहिल्या होत्या! जे कोड लिहिताना सुचलं नाही, ते चाचणी लिहिताना कुठून सुचणार? दंड पन्नास रुपयांचाच. पण मी माफी मागायला फोन केला तेव्हा आंटींचा आवाज कापत होता. “बेटा, आज तक एक भी किस्त लेट नहीं की मैंने।”

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. म्हटलं, “आता चाचण्या बंद, फक्त वाचायचं.”

बाबा म्हणाले, “अगं, रुळाच्या पोटातली भेग डोळ्याला दिसत नाही. ती अल्ट्रासोनिक मशीनच पकडतं. पण मशीन शिकवलेलं तेवढंच शोधतं.”

“मग डोळाच बरा ना?”

“रात्रपाळीत पहाटे चार वाजता डोळाही खोटं बोलतो.”

आईने वरण वाढता वाढता भर घातली, “तांदूळ आधी चाळते, मग निवडते. तांदळाएवढा खडा चाळणीतून कसा जाईल? आणि न चाळता निवडायला बसले, तर तुम्ही जेवणार कधी?”

डोळा खोटं बोलतो याचा पुरावा माझ्या धंद्यातही आहे. इंटरनेटवरची माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची चूक होती. समोरच्याने जेवढी लांबी सांगितली तेवढी माहिती खरंच आली आहे का, हे कोड तपासतच नव्हता. दुसऱ्या जाणकाराने तो वाचून पास केला होता. मार्च २०१२ मध्ये तो जगभर गेला आणि चूक उघडकीला आली एप्रिल २०१४ मध्ये. उलट, आंटींचा रविवार कुणीही नियमांचा कागद शेजारी ठेवून कोड वाचला असता, तर पाच मिनिटांत दिसला असता.

आता आम्ही वाटणी केली आहे. बेरीज-वजाबाकी, तारखा, जुनं काही मोडलं का, हे चाचण्यांकडे. पैशांचा नियम मात्र लिहिणाऱ्याखेरीज दुसरा कुणीतरी कागद घेऊन वाचतो. तेही सकाळी, थोडा थोडा. आणि वाचताना चूक सापडली की आधी तिची चाचणी लिहायची, मग दुरुस्ती.

त्यातली पहिली मी त्याच रात्री लिहिली: हप्ता रविवारी, भरणा सोमवारी, दंड शून्य. चालवली तर लाल. कोड दुरुस्त केला, हिरवी झाली. टीममध्ये तिला आजही सगळे ‘आंटीवाली’ म्हणतात. दंड परत गेला, मेसेजबद्दल सोसायटीने पत्रही दिलं. ते पत्र आंटींनी जपून ठेवलंय म्हणे.