ओल आणि वारा

मार्च लागला. पुण्यातली दुपार आता कोरडी ठाक असते आणि मागच्या खोलीत टांगलेल्या धिंगरी अळिंबीच्या पिशव्यांना हवी ८० ते ९० टक्के आर्द्रता. सकाळी भिजवलेलं गोणपाट जेवणं उरकेपर्यंत वाळून कडक होतं.

पण पाण्याचं एक वेळ जमतं. खरी परीक्षा हवेची. अळिंबीसुद्धा आपल्यासारखीच श्वास घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते. पिशवीतल्या पेंढ्यात तिचे पांढरे तंतू पसरत असतात तोवर कोंदटपणा चालतो. कळ्या फुटल्या की मात्र ताजी हवा लागतेच. नाही मिळाली तर देठ लांबत जातात, छत्र्या खुरटतात. बरं, खिडकी सताड उघडावी तर त्याच कोवळ्या कळ्या सुकून गळतात. एकाच खिडकीकडे दोन उलट मागण्या! संसारी माणसाला हे नवं नाही म्हणा.

माझा तोडगा साधा आहे. खिडकी चारेक बोटं उघडी आणि तिच्यावर ओलं गोणपाट, म्हणजे आत येणारा वारा ओल घेऊनच येतो. पंख्याचा झोत थेट नको. फवारा भिंतींवर आणि फरशीवर मारायचा. छत्र्यांवर पाणी साचलं की जिवाणूंचे पिवळट-तपकिरी डाग पडतात. आर्द्रतामापक घ्यावा, आपल्या अंदाजाचा भरवसा नाही.

आणि छत्रीची कड वर वळण्याआधी काढणी करा. उशीर झाला तर बीजाणूंची धूळ खोलीभर उडते, खोकला लागतो. घरात दम्याचं माणूस असेल, तर हा उद्योग राहत्या घरात करूच नये.